नावाचे गोत्रांतर

मद्याच्या एका प्रकाराच्या नावावर या अंकाची काही पाने खर्ची पडावीत, ही गोष्ट आमच्या कित्येक वाचकांस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पंचांगाशेजारी ठेवले जाणारे हे आमचे नियतकालिक. त्यात जवाच्या आसवाची चर्चा कशासाठी? शिवाय हे लेखन सुरतेत, पर्वत पाटियाच्या परिसरात होत आहे. गुजरात राज्य १९६० साली जन्मास आले ते दारूबंदी सोबत घेऊनच; तिचा मूळ कायदा तर जुन्या मुंबई राज्याचा, १९४९ सालचा. ज्या वस्तूचे नाव आम्ही घेणार, ती येथील उघड्या बाजारात दृष्टीस पडावयाची नाही. परंतु आमचा विषय पेय नव्हे, नाव आहे. आणि नावांना परवाना लागत नाही.

प्रश्न असा आहे : परक्या भाषेतील विशेषनाम आपल्या भाषेतला शब्द केव्हा होतो? जर्मनीतील बिअरच्या प्रकारांची नावे इंग्रजीत कशी गेली आणि तेथे त्यांचे काय झाले, हे पाहिले असता या प्रश्नाचे उत्तर फार स्वच्छ दिसते. आणि ते उत्तर आपण सुरतेत रोज जी मराठी व कोकणी लिहितो-बोलतो, तिला थोडे अडचणीत आणणारे आहे; म्हणूनच ते येथे मांडावयाचे.

उत्तर जर्मनीत आइनबेक नावाचे एक लहान शहर आहे. मध्ययुगात तेथील बिअर दूरदूरच्या बाजारांत विकली जाई आणि दक्षिणेकडील बव्हेरियाच्या सरदारांच्या टेबलावरही ती मानाने येई. पुढे सतराव्या शतकात म्यूनिकच्या दरबाराने आपल्याच पदरी तशी बिअर करविण्यास प्रारंभ केला. बव्हेरियातील माणसाच्या तोंडी 'आइनबेक' हे नाव नीट बसेना. ते 'आइनपोक' असे काहीतरी झाले. आता जर्मन भाषेत 'आइन' म्हणजे 'एक', आणि 'बॉक' म्हणजे 'बोकड'. ऐकणाऱ्याने नाव तोडले आणि 'एक बोकड' असा अर्थ लावून घेतला. शहर विसरले गेले, बोकड राहिला. आजही या बिअरच्या बाटल्यांवर शिंगे रोखलेला बोकड छापलेला असतो, आणि त्याचा त्या पेयाशी संबंध एवढाच की कोण्या एका प्रांताच्या लोकांना दुसऱ्या प्रांताचे नाव नीट उच्चारता आले नाही. (आमच्या 'बोकड' शब्दाशी त्या 'बॉक'चे ध्वनिसाम्य पाहून कोणी हुरळून जाईल, पण साम्यावरून सोयरीक जुळवण्याचा छंद मराठीत पुष्कळांनी केला आहे, त्यात आम्ही भर घालू इच्छीत नाही.)

एकोणिसाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत गेला. तेथे त्याचे तीन संस्कार झाले. जर्मन भाषेत प्रत्येक नामाचे आद्याक्षर मोठे लिहितात. इंग्रजीने ते लहान केले, कारण इंग्रजीत मोठे अक्षर विशेषनामांचा मान आहे आणि हा शब्द आता विशेषनाम उरला नव्हता. जर्मन भाषेत त्याला लिंग होते. इंग्रजीने ते काढून टाकले. आणि बोकडाचे अनेकवचन करताना जर्मन माणूस शब्दाच्या पोटातला स्वरच बदलतो. इंग्रजीने तो खटाटोप न करता शेपटीस एक 'स' जोडला आणि काम भागविले. आता 'बॉक' हा इंग्रजी शब्द आहे. तो वाचणाऱ्या इंग्रजास ना आइनबेक आठवते ना बोकड.

'लागर' या शब्दाची कथा याहूनही बोलकी आहे. जर्मन भाषेत 'लागर' म्हणजे कोठार किंवा तळ, छावणी. थंड तळघरात दीर्घकाळ साठवून ठेवलेली बिअर ती 'लागरबिअर'. इंग्रजीने यातील बिअर टाकली आणि कोठार तेवढे ठेवले! इंग्लंडात 'एक लागर द्या' म्हटले की पेला भरून येतो. जर्मनीत तेच म्हणाल तर समोरचा माणूस तुम्हांस कोणते गोदाम हवे आहे ते विचारील. तेथे त्याच पेयास 'हेलेस', म्हणजे उजळ, अथवा 'पिल्स' असे म्हणतात. तेव्हा 'लागर' शब्द जर्मन की इंग्रजी? जन्माने जर्मन खरा. पण सासरी गेल्यावर त्याचे गोत्र बदलले. माहेरच्या माणसांनाही तो आता ओळखू येत नाही.

या ठिकाणी पंडितांचा एक वर्ग हरकत घेतो. गोस्लार शहरातून वाहणाऱ्या 'गोजऽ' नावाच्या एका लहान नदीवरून नाव मिळालेली एक आंबट बिअर आहे. ती गव्हापासून करतात. तिच्यात मीठ आणि धणे घालतात आणि तिचा आंबटपणा आमच्या ताकाच्या जातीचा, म्हणजे दुग्धाम्लाचा असतो. पुढे ती लाइप्झिक शहराची झाली, १९६६ साली तेथील शेवटचा कारखाना बंद पडल्यावर ती लुप्त झाली, १९८० नंतरच्या दशकात तिचे पुनरुज्जीवन झाले, आणि या शतकात ती अमेरिकेत पोहोचली. तेथे लोक तिचे नाव एका दमात 'गोझ' असे उच्चारतात. लगेच जाणकार पुढे सरसावून सांगतात की हा उच्चार अशुद्ध आहे, शब्दात दोन अवयव आहेत, दुसरा गिळू नये. या जाणकारांविषयी आम्हांस आदर आहे, परंतु त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य नाही. नदीचे नाव घ्यावयाचे असेल तेव्हा ते नदीकाठच्या लोकांप्रमाणे घ्यावे, हे सौजन्य होय. पण अमेरिकेतील मनुष्य नदीचे नाव घेत नसतो. तो आपल्या भाषेतल्या एका वस्तूचे नाव घेत असतो. त्याच्या जिभेने दुसरा अवयव गिळला, म्हणजेच तो शब्द त्याच्या घरचे अन्न खाऊ लागला. अशुद्ध उच्चार हे पुष्कळदा दत्तकविधान असते.

आपल्या बाजूने पाहिले म्हणजे हे अधिक पटेल. इंग्रजीतील 'मंगूस' हा शब्द मूळचा आपला 'मुंगूस'. इंग्रजांच्या कानांनी त्याच्या शेवटी 'गूस', म्हणजे हंसजातीचा पक्षी, ऐकला आणि लेखनातही तो पक्षी बसविला. बव्हेरियाला आइनबेकात बोकड सापडला, इंग्रजास मुंगसात हंस सापडला. दोन्ही ठिकाणी कानाने आपल्या ओळखीचे जनावर शोधून काढले. परंतु त्या पक्ष्याचे अनेकवचन इंग्रजीत वेडेवाकडे होते, ते नियम म्हणून मुंगसास लागू करीत नाहीत; साधा प्रत्यय जोडतात. अशा विकारांबद्दल इंग्रजांस दोष देण्याचे कोणा मराठी माणसाच्या मनात आल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. आपली 'ताडी' तर 'टॉडी' होऊन स्कॉटलंडपर्यंत गेली आणि तेथे व्हिस्की, गरम पाणी व साखर यांचे मिश्रण झाली. तिच्यात ताडाच्या झाडाचा थेंबही उरला नाही.

आता आपण काय केले ते पाहू. म्यूनिकच्या पाउलानर मठातील संन्यासी ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत अन्न वर्ज्य करून दाट, कडक बिअर पीत. तीच पुढे 'दुहेरी बॉक' म्हणून प्रसिद्धीस आली. उपवासास बिअर, हे वाचून आमच्या भाविक वाचकांस हसू येईल. पण आपल्या एकादशीच्या ताटाकडे एकदा निरखून पाहावे. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची असते. चारही वस्तू अमेरिका खंडातील वनस्पतींच्या, आणि पोर्तुगीज येथे येण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी त्यांतली एकही पाहिलेली नव्हती. 'बटाटा' हे नाव कॅरिबियन बेटांवरून पोर्तुगीजांच्या तोंडून आले. 'साबु'चे मूळ मलय भाषेतील 'सागू'. ते तिकडे एका ताडजातीय झाडाचे नाव, आपण मात्र ते ब्राझीलकडील कंदाच्या दाण्यास दिले. नैवेद्याच्या शिऱ्यातील काजू ब्राझीलचा, नावासकट. ज्या जेवणात धान्याचा कण चालत नाही, त्या जेवणात या परक्या वस्तू निःशंकपणे शिरल्या. त्या कशा शिरल्या याची कारणे धर्मशास्त्रज्ञ सांगतील. भाषेपुरते कारण आम्हांस ठाऊक आहे. 'बटाट्याची भाजी', 'साबुदाण्याची खिचडी', 'काजूंचा हार' असे म्हणताना शब्द मराठीच्या नियमाने वाकतो. 'बटाटाची भाजी' असे कोणतीही गृहिणी म्हणणार नाही. आकारान्त पुल्लिंगी नामास विभक्तीपूर्वी जो 'या' लागतो तो त्यास लागला, आणि त्याच क्षणी त्याचे परकेपण संपले.

मराठीपुरती हीच आमची कसोटी आहे. इंग्रजीत शब्द घरचा झाला हे आद्याक्षरावरून आणि अनेकवचनावरून कळते. मराठी-कोकणीत ते सामान्यरूपावरून कळते. पोर्तुगीजांकडून 'फीत' आली, तिच्या 'फितीने' होताना पहिला दीर्घ ऱ्हस्व झाला, अगदी 'रीत, रितीने' याप्रमाणे. 'घमेले' आले, 'घमेल्यात' झाले. 'पगार, पगारास', 'बिजागरी, बिजागरीस'. कोकणीत 'कदेल' म्हणजे खुर्ची. पण 'कदेलार बस' म्हटले की त्यात पोर्तुगीज काही उरत नाही. 'जनेल' म्हणजे खिडकी, आणि 'जनेलांतल्यान' या लांबलचक रूपात लिस्बनचा मनुष्य आपला शब्द शोधीत बसला तर त्यास संध्याकाळ होईल.

या विषयावर आपल्याकडे एक फार मोठे काम झालेले आहे आणि त्याचा गुजराताशीही संबंध आहे. मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो हे बार्देशातील आसगावचे. जन्म १८५५, निधन लिस्बन येथे १९२२. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली पोर्तुगीजमध्ये निघाला, आणि आंतोनी झेवियर सुआरिश यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्यास गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. सुमारे पन्नास भाषांतील रूपे एकेका शब्दाखाली ओळीने मांडलेली पाहिली म्हणजे मन थक्क होते. दालगादोंची दृष्टी उदार आहे. कोणत्या भाषेने शब्द 'बिघडविला' अशी तक्रार करण्यापेक्षा तो कोठे कोठे गेला हे दाखविण्यात त्यांना आनंद वाटतो. तथापि कोशाच्या स्वरूपाची एक मर्यादा त्यासही आहे. कोशात शब्द एकटा, प्रथमेच्या एकवचनात, उंबऱ्यावर उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा दिसतो. तो पाटावर बसून जेवतो आहे की नाही, हे वाक्यात पाहिल्यावाचून समजत नाही. 'कदेल'पेक्षा 'कदेलार' अधिक सांगते. कोणी जिज्ञासू दालगादोंच्या यादीतील मराठी व कोकणी शब्द घेऊन त्यांची सामान्यरूपे, लिंगे आणि अनेकवचने लिहून काढील तर त्या ग्रंथाचे राहिलेले अर्धे काम होईल, असे आमचे मत आहे.

दुसऱ्या टोकास भाषाशुद्धीचा पक्ष आहे. त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांपर्यंत या पक्षाने मराठीस पुष्कळ दिले. 'महापौर', 'दिनांक', 'चित्रपट' हे सावरकरांचे शब्द आज कोणास नवे वाटत नाहीत. परंतु जे रुजले तेही वाक्यात वाकूनच रुजले. आणि फार्शी-मराठी कोश रचणारे माधवराव पटवर्धनच 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितात, यातील अर्थ ध्यानी घेण्यासारखा आहे.

खरी अडचण शुद्धिवाद्यांकडून येत नाही, ती कायद्याकडून येते. भाषेस नावाचा शब्द करावयाचा असतो आणि व्यापाऱ्यास नाव नावच ठेवावयाचे असते. वर सांगितलेल्या मठाच्या बिअरचे नाव 'साल्वातोर', म्हणजे तारणहार. ते इतके लोकप्रिय झाले की म्यूनिकचे इतर कारखानदारही आपल्या दुहेरी बॉकला तेच म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्याने ते नाव मूळ मालकास परत मिळवून दिले. तेव्हा इतरांनी काय करावे? त्यांनी शेपटी ठेवून घेतली आणि '-आतोर'ने संपणारी नावे आपापल्या मालास दिली. न्यायालयाने नाव परत नेले, प्रत्यय भाषेच्या हाती राहिला! बोहेमियातील पिल्सन गावाचे उलट झाले. तेथे १८४२ साली योसेफ ग्रोल याने सोनेरी बिअर केली. 'पिल्सनर' हा शब्द जगभर असा पसरला की मूळ कारखान्यास आपल्या नावापुढे 'उर्क्वेल', म्हणजे 'मूळ झरा', असे लावून आपण अस्सल असल्याची ग्वाही द्यावी लागली. कोलोन शहराने हे पाहून आधीच शहाणपणा केला. तेथील कारखानदारांनी १९८६ साली करार करून आपली 'कोल्श' बांधून घेतली आणि १९९७ साली युरोपीय संघानेही तिला भौगोलिक संरक्षण दिले. गंमत अशी की 'कोल्श' हे त्या शहराच्या बोलीचेही नाव आहे. बोलीवर मात्र कोणास हक्क नोंदविता आला नाही.

आपल्या गोव्याच्या काजू-फेणीस भौगोलिक निर्देशनाची नोंद २००९ साली मिळाली. ज्या गावकऱ्यांच्या भट्ट्यांवर ती पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांच्या पोटाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. उद्या कोठल्याही कारखान्याने कशासही फेणी म्हणावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण हेही लक्षात असू द्यावे की 'फेणी' हे मूळचे स्थळाचे नावच नव्हे. तिचा संबंध 'फेण' या शब्दाशी, पेल्यात उठणाऱ्या फेसाशी सांगतात. म्हणजे तो जन्मापासूनच साधा शब्द होता. कोलोनकरांनी स्थळनामाचा शब्द होऊ दिला नाही. आपण शब्दास स्थळाशी जखडले. कायद्याच्या कागदावर दोन्ही सारखे दिसतात, भाषेच्या दृष्टीने ते उलट दिशांचे प्रवास आहेत.

आता सुरतेकडे येऊ. सुरत हे नावही पूर्वी असेच शब्द होऊन हिंडले आहे : उत्तर हिंदुस्थानात खाण्याच्या तंबाखूस 'सुरती' म्हणतात, कारण ती या बंदरातून तिकडे गेली, तेथील शेतकऱ्यास ती चुन्यात मळताना तापीकाठचे शहर आठवत नाही. आणि मराठीने तर या शहरास केव्हाच आपले करून घेतले होते. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्यांविषयी लिहिणारा मराठी लेखक 'सुरतेवर चाल', 'सुरतेची लूट' असेच लिहितो. 'वडोदरा'चे 'बडोदे' करून मराठीने त्यास 'बडोद्यास', 'बडोद्याहून' असे चालविले. कोणास त्यात अनादर दिसला नाही.

आज मात्र वर्तमानपत्र उघडावे तो 'सुरतमध्ये आग', 'सुरतमधील मराठी बांधव', 'सुरतला रवाना'. लिंबायत-उधन्याकडील आणि आमच्या पर्वत पाटियाकडील मराठी मंडळांच्या निमंत्रणपत्रिकांतही तेच. हे का झाले, ते उघड आहे. गुजराती 'सुरतमां' म्हणते, हिंदी 'सूरत में' म्हणते. दोहोंतही नाव जसेच्या तसे राहते आणि प्रत्यय बाहेरून चिकटतो. आम्ही त्या मापाने मराठी कापली. आणि हे एकट्या सुरतेचे नव्हे. आमच्या वडिलांच्या पिढीने 'टेबलावर', 'हॉटेलात', 'कॉलेजात', 'मोटारीत', 'पेन्सिलीने' असे म्हटले; ही पिढी 'टेबलवर', 'हॉटेलमध्ये', 'कॉलेजमध्ये', 'कारमध्ये' असे म्हणते. जुन्या पिढीने इंग्रजी शब्द कमी घेतले म्हणून ती अधिक मराठी होती, हा समज चुकीचा आहे. तिने शब्द भरपूर घेतले, पण घेतलेल्या शब्दास घरची शिस्त लावली. आपण शब्द दारात उभा ठेवतो आणि त्याच्या पाठीवर 'मध्ये'चे गाठोडे बांधतो.

यावर असे सांगण्यात येईल की विशेषनामे मोडू नयेत, छापील मजकुरात ती ओळखू यावीत, परक्या माणसास 'सुरतेत' वाचून गोंधळ होईल. नव्या, अनोळखी नावांपुरते हे आम्हांस पटते. 'आइनबेकात' आणि 'म्यूनिकात' लिहिण्याचा आग्रह आम्हीही या लेखात धरलेला नाही; वाचक पाहतील की एकास आम्ही वाकविले आणि दुसऱ्यास सरळ सोडले, ते कानास जसे पटले तसे. पण जेथे आपली तिसरी पिढी शाळेत जाते, जेथे आपल्या देवांचे उत्सव आपण मांडतो, ते सुरत शहर आम्हांस अनोळखी कसे? कोकणी बोलणाऱ्या आमच्या वृद्ध स्त्रिया अजून 'सुरतेंत' म्हणतात. त्यांनी हे व्याकरणाच्या पुस्तकातून घेतलेले नाही.

राहता राहिले आमचे पर्वत पाटिया. या सपाट प्रदेशात पर्वत नाही. 'पर्वत' हे येथील जुन्या गावाचे नाव. 'पाटिया' म्हणजे फळी, पाटी : हमरस्त्यावर गावाच्या नावाची फळी जेथे लागते, ती जागा. मराठीत अशा जागेस 'फाटा' म्हणतात. 'पर्वत फाटा' असे भाषांतर करावे काय? मुळीच नको, ते कोणास समजणार नाही. मग त्यास मराठीत कसे चालवावे? 'तकिया'चा मराठीने 'तक्या' केला. त्या न्यायाने 'पाटिया'चा 'पाट्या' होईल आणि 'पर्वत पाट्यावर उतरा' असे म्हणावे लागेल. ऐकणाऱ्यास वाटेल की वरवंटा बाजूला सारून पाट्यावर पाय ठेवावयाचा आहे. आम्हांस त्यात हरकत दिसत नाही. आइनबेकच्या लोकांस बोकड मिळाला, आम्हांस पाटा मिळेल. तो निदान स्वयंपाकघरातला आहे. घरात, पत्रात, मंडळाच्या सूचनाफलकावर हे रूप चालवून पाहावे. रिक्षावाल्यास मात्र 'पाटिया'च सांगावे.